गार दिव्याचा रोध

"पण माई, शून्य म्हणजे शून्यच ना? मग आता काय मोजायचं राहिलं?"

माई दवाखान्याच्या ओसरीवर कुळीथ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाचं शून्य?"

"माझ्या रोधाचं," रवळनाथ म्हणाला.

मठात हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. माईंनी उभं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवलं आणि उतारवयात या डोंगरात येऊन राहिल्या. माणसं त्यांच्याकडे मनाची शांती शोधत यायची आणि त्या विजेच्या भाषेत बोलायच्या. तार विजेला अडवते तो रोध; मनातल्या अढीलाही त्या रोधच म्हणत. मग इथे येणारा जो तो आपला रोध मोजू लागला. कुणाचा कमी झाला, कुणाचा पुन्हा वाढला, याची पंगतीत ताक वाढताना चर्चा व्हायची. माईंना बहुधा त्याची गंमत वाटत असावी. त्यांनी कधी कुणाला अडवलं नाही.

"शून्य," रवळनाथ पुन्हा म्हणाला. "रोज पहाटे बसतो. भरमूचा चेहरा डोळ्यांपुढे आणतो. आत काही हलत नाही."

भरमू हा त्याचा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा रवळनाथ पुण्याहून निघाला होता आणि वाटेतून फोन करकरून सांगत होता, थांब, मी पोचतोय. भरमू थांबला नाही. थोरला पोचला तेव्हा चिता विझत आली होती. अग्नी द्यायचा तो थोरल्याने, आणि थोरला नदीच्या वाळूत बॅग हातात धरून उभा राहिला. त्या दिवसापासून तो भावाशी एक शब्द बोलला नव्हता. नोकरी सोडली, मठात आला, पण घराचं तोंड पाहिलं नाही.

"भेटलास त्याला?" माईंनी विचारलं.

"भेटायची गरजच उरली नाही. आतून संपलंय सगळं."

"मोजलंस तेव्हा करंट किती सोडला होतास?"

"करंट?"

"काहीतरी सोडलं असशील ना आतून. त्याशिवाय रोध कळला कसा?"

रवळनाथ जरा गोंधळला.

"मी… शांत बसलो होतो, माई."

"हं…"

त्यांनी एक खडा वेचून अंगणात टाकला.

"आणि रोध शून्य झाला तर ऊब कशाने यायची रे?"

माईंची ही सवय रवळनाथला आवडत नसे. सरळ प्रश्नाला त्या वाकडा प्रश्न लावून द्यायच्या. त्याला येत्या पौर्णिमेला दीक्षा हवी होती. आपण तिला लायक आहोत याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती, आणि तसं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलंही होतं.

खरं सांगायचं तर माणूस कामाचा होता. वीज मंडळाचे खांब या डोंगरात आलेच नव्हते. मठ चालायचा तो ओढ्यावर वीज करणाऱ्या छोट्या पाणचक्कीवर, आणि ती पाणचक्की रवळनाथच्या हाती होती. इंजिनिअरची पदवी त्याने पाण्यात घातली असं गावात कुणी म्हणालं, तर ते अक्षरशः खरं होतं.

पहिल्याच दिवशी माईंनी त्याला पाणचक्कीच्या खोलीत नेऊन एक नियम शिकवला होता. चालू तारेजवळ काम उजव्या हाताने करायचं आणि डावा हात पाठीमागे ठेवायचा. करंट एका हातातून शिरला आणि दुसऱ्यातून बाहेर पडला, तर वाटेत छाती लागते. हात एकच पुढे असला, तर छाती वाचते.

रवळनाथला तो नियम इतका पटला की त्याने तो अंगालाच लावून घेतला. बोलताना डावा हात पाठीमागे, चालताना डावा हात पाठीमागे. प्रसाद घ्यायचा तरी एकाच हाताने. मठातले लोक त्याला चेष्टेने सरदार म्हणत. त्याला ते फारसं खटकत नसे.

"तर मग पौर्णिमेचं…"

त्याचं वाक्य तिथेच राहिलं. खालच्या वळणावर एक जीप हॉर्नवर हॉर्न देत वर येत होती.

*

जीप अंगणात थांबली आणि आधी रडण्याचा आवाज आला. बारीक. मांजराच्या पिल्लासारखा.

मागच्या सीटवर एक बाई आडवी होती. तिच्या छातीशी लुगड्यात गुंडाळलेलं इवलंसं काहीतरी होतं. फिलोमिना सिस्टर दवाखान्यातून धावत बाहेर आल्या.

"कितवा महिना?"

"आठवा लागलाय नुकता," जीपमधून उडी मारलेला माणूस म्हणाला. "तालुक्याला निघालो हुतो. घाटात उसाची ट्रॉली उलटलीया, रस्ताच बंद. जीपमधीच झालं सगळं… पोरगी हाय."

तो माणूस भरमू होता.

दोघा भावांची नजर एक क्षण भेटली. रवळनाथने स्वतःच्या आत डोकावून पाहिलं. काही हललं नाही. त्याला मनातून बरं वाटलं. माईंनी पाहावं, असंही वाटलं.

"मला ठावं हुतं, दादा, तू हितं हाईस," भरमू म्हणाला. "तरी आलो."

जीपमधल्या भावजयीला, शेवंताला, उतरवायला रवळनाथने हात दिला. एकच हात दिला.

सिस्टरांनी शेवंताला आतल्या खाटेवर घेतलं. पलीकडच्या बाजूने ॲम्ब्युलन्स निघाली होती, पण डोंगराला वळसा घालून यायची, म्हणजे दिवस मावळणार. पौषातली दुपार होती. ऊन कललं होतं आणि डोंगरावरून गारठा खाली उतरायला लागला होता.

थोडा वेळ बाळ आईच्याच छातीशी होतं. मग आतून सिस्टरांचा आवाज आला. त्यात घाई होती.

"माई, हिचं रक्त थांबत नाहीये. अंग गार पडायला लागलंय. हिच्याजवळ पोर आता ठेवता येणार नाही. दुसरी ऊब बघा, लगेच!"

माई आत गेल्या आणि बाळाला आपल्या शालीत घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या. त्यांच्या हातांच्या तर नुसत्या काड्या झाल्या होत्या. बाळाचे ओठ निळसर दिसत होते. रडणं आता बंद झालं होतं, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

"शेकायचा दिवा आण," त्या रवळनाथला म्हणाल्या.

दवाखान्यात कंबरदुखीवाल्यांना शेक द्यायचा एक जुना दिवा होता. उभ्या दांड्यावर, मोठ्या लाल काचेचा. आजवर तो मठात कधी लावला गेला नव्हता. कुणीतरी दान दिला आणि तो कोपऱ्यात पडून राहिला. काचेवरचे आकडे पुसून गेले होते.

"हा किती वॅटचा?" माईंनी विचारलं.

"लिहिलेलं दिसत नाही. मोजतो."

रवळनाथने कपाटातून मीटर काढलं. एक तार चिमट्याने दिव्याला अडकवली, दुसरी उजव्या हातात धरली. दिवा वेगळा काढलेला होता, वीज कुठेच नव्हती. तरीही डावा हात सवयीने पाठीमागे गेला. शेजारी सख्खा भाऊ उभा होता, त्याची लेक गार पडत होती, आणि आपला हात जराही थरथरत नाहीये, याची त्याने मनातल्या मनात नोंद घेतली.

"वीस ओहम," तो म्हणाला.

"मग?"

"दोनशेवीस व्होल्ट भागिले वीस. अकरा अँपिअर." त्याचा आवाज वर्गात फळ्यापुढे उभं राहिल्यासारखा स्वच्छ होता. "दोनशेवीस गुणिले अकरा. दोन हजार चारशेवीस वॅट."

"आणि आपल्याकडे?"

"ओढ्याला पाणी उतरलंय. दोन अँपिअरच्या वर चक्की देणार नाही. म्हणजे चारशेचाळीस वॅट." त्याने मीटरची तार गुंडाळायला घेतली. "हा दिवा लावला तर चक्की जागच्या जागी बसेल. पुन्हा उठवायला तास जातो. तोवर सिस्टरांच्या डोक्यावरचाही दिवा जाईल. नाही लावता येणार."

भरमूने आधी दिव्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"दादा, परत येकदा बघ की…"

"बघितलं."

"लई गार पडलीया रे पोरगी."

"आकडे नातं बघत नाहीत, भरमू."

इतक्या काळात भावाचं नाव घेऊन बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य. ते त्याने अगदी शांतपणे उच्चारलं. त्या शांतपणाचा त्याला अभिमानही वाटला.

बाळाला एका हाताने पोटाशी धरून माई रवळनाथच्या मागे गेल्या. पाठीमागे ठेवलेला त्याचा डावा हात त्यांनी मनगटाला धरून पुढे ओढला आणि दिव्याच्या लाल काचेवर टेकवला.

"कशी आहे?"

"काय?"

"काच."

"गार आहे."

"आणि पेटल्यावर?"

रवळनाथने काचेकडे पाहिलं.

हात काचेवर तसाच होता. काच गार होती. आतली तार गार होती. त्याने गार तार मोजली होती. पेटली की तीच तार तापून लाल होते, पिवळी होते, आणि तिचा रोध कित्येक पटींनी वाढतो. हे पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. परीक्षेत विचारतात. त्याने स्वतः शिकवणीच्या मुलांना हे शिकवलं होतं.

मग आज कसं सुटलं?

उत्तर त्याला लगेच कळलं. आकडा नाही म्हणत होता. त्याला तो आकडा आवडला होता. म्हणून त्याने तो दुसऱ्यांदा तपासला नव्हता.

राग गेला नव्हता. आत दबा धरून बसला होता, आणि आज गणिताचे कपडे घालून बाहेर आला होता. भावाच्या लेकरावर. रवळनाथला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"गार असताना मोजलंस," माई म्हणाल्या.

"हो."

"पेटल्यावर किती भरेल?"

"माहीत नाही, माई. जास्त भरेल. पण किती…" तो अडखळला. "करंट सोडल्याशिवाय नाही कळणार."

माईंनी नुसती मान हलवली.

*

एक अडचण होतीच. गार तार पहिल्या झटक्याला खरोखरच अकरा अँपिअर ओढू पाहणार, आणि तेवढ्या झटक्यानेही चक्की बसली असती. उपाय एकच होता. पाणी कमी करून विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, खाली आणायचा, दिवा जोडायचा, आणि मग पाणी हळूहळू वाढवत न्यायचं. तार आस्ते आस्ते तापली की तिचा रोधही वाढत जातो.

त्यासाठी दोन माणसं हवी होती. एक इथे मीटरवर आणि एक खाली ओढ्यावर, पाण्याच्या व्हॉल्व्हवर. व्हॉल्व्ह कुणी घाईने फिरवला तर सगळं संपलं.

मठातले बाकीचे लोक घाटात ट्रॉली बाजूला करायला गेले होते.

"मी जातो खाली," भरमू म्हणाला. "मला दाखव, किती फिरवायचा."

रवळनाथ त्याच्याकडे बघत राहिला.

"मी खिडकीतून ओरडेन. उघड म्हटलं की पाव फेरा उघडायचा. थांब म्हटलं की थांबायचं. तिथल्या तिथे."

"थांबतो."

"थांबतोस?"

हा शब्द त्याच्या तोंडून सुटला तो सुटलाच. आणि या वेळी आतून हललं. छातीपासून कानापर्यंत काहीतरी कढत चढत गेलं.

भरमूने मान खाली घातली.

"तवा न्हाई थांबलो," तो म्हणाला. "का न्हाई थांबलो ते तुला सांगायचं हाय, दादा. तू कधी इचारलं न्हाईस… पण आज न्हवं. आज तू म्हणशील तवा थांबतो."

तो धावत उतरणीला लागला.

रवळनाथने दार लोटून आत सांगितलं, "सिस्टर, जरा वेळ अंधार होईल."

"होऊ दे. बॅटरी आहे. दातांत धरते. पण वेळ काढू नका हो!"

त्याने भिंतीवरच्या विजेच्या फळीशी दिवा आणला. अँपिअरचं मीटर दिव्याच्या तारेत जोडलं. व्होल्टच्या मीटरची एक तार चिमट्याने अडकवली, दुसरी उजव्या हातात. डावा हात पाठीमागे. आता त्याची खरी गरज होती.

"बंद करत आण, भरमू! सावकाश!"

खालून चक्कीचा आवाज मंदावत गेला. सिस्टरांच्या खोलीतला उजेड पिवळा झाला, मग तांबूस, मग गेल्यातच जमा. काटा साठ व्होल्टवर आला.

"थांब!"

काटा थांबला.

रवळनाथने श्वास रोखून बटण दाबलं. अँपिअरचा काटा उसळून शेवटाला आपटला, खाली चक्कीचा पट्टा किंचाळला, आणि व्होल्टचा काटा वीसवर कोसळला.

"गेलं…" तो पुटपुटला.

माईंनी शाल घट्ट केली.

काटा वीसवरच थरथरत होता. भरमूने घाबरून व्हॉल्व्ह एकदम उघडला असता तर पट्टा निसटलाच असता. रवळनाथला तो इथून दिसत नव्हता. काय करत असेल, कळत नव्हतं. घाबरणारच. कुणीही घाबरेल. त्याची लेक आहे.

"थांब, भरमू!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "थांब तिथंच! हात लावू नकोस!"

आणि भरमू थांबला.

किंचाळणं कमी झालं. काटा वीसवरून तीसवर आला. चाळीसवर. दिव्याच्या काचेत खोल कुठेतरी एक तांबडी रेघ उमटली. साठवर काटा स्थिर झाला तेव्हा करंट अर्ध्या अँपिअरपेक्षा जरासा जास्त होता.

"एकशे दहा ओहम," रवळनाथ म्हणाला. त्याचा आवाज आता फळ्यापुढचा राहिला नव्हता. "वाढतोय, माई. रोध वाढतोय."

"बोलत राहा."

"उघड, भरमू! पाव!"

एकशेदहा व्होल्ट. पाऊण अँपिअर. दाब जवळपास दुप्पट झाला, पण करंट त्या मानाने वाढला नाही. तार तापत होती आणि तापता तापता अडवत होती. काच लाल झाली. तिच्यासमोर धरलेल्या हाताला पहिल्यांदा ऊब लागली.

"अजून पाव! हळू हं, बाळा… येकदम नको!"

बाळा. लहानपणी तो भरमूला याच नावाने हाक मारायचा. नाव तोंडात आपोआप आलं होतं, आणि आपण घरच्या बोलीत ओरडतोय हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. काटा नीट दिसत नव्हता. त्याने डोळे खांद्याला पुसले.

"पाव! …अजून! …थांब!"

प्रत्येक वेळी काटा तो म्हणेल तिथे थांबत होता.

दोनशेवीस व्होल्ट.

सिस्टरांच्या खोलीत पुन्हा लख्ख उजेड पडला.

"करंट?" माईंनी विचारलं.

"एक पॉइंट एक."

"मग?"

"दोनशेवीस भागिले एक पॉइंट एक… दोनशे ओहम." त्याने दिव्याकडे पाहिलं. "दोनशेवीस गुणिले एक पॉइंट एक. दोनशे बेचाळीस वॅट. सिस्टरांचा दिवा धरूनही चक्की आरामात ओढते, माई. मघाशीच ओढली असती. मी… मी वीस म्हणालो होतो. दहा पटींचा फरक."

लाल उजेडात माईंचा चेहरा ओसरीवर कुळीथ निवडताना होता तसाच दिसत होता.

*

फिलोमिना सिस्टर हात पुसत बाहेर आल्या.

"रक्त आवरतंय," त्या म्हणाल्या. "ॲम्ब्युलन्स येईपर्यंत निभेल ती. पोरीचं काय?"

त्यांनी शालीत हात घालून बाळाच्या पावलांना स्पर्श केला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"नुसत्या दिव्याने भागणार नाही. अंगाला अंग लागलं पाहिजे. कुणाच्या तरी उघड्या छातीवर ठेवा, वरून शाल घाला, आणि दिवा पाठीमागून लांबून धरा. कोरडं, उबदार अंग पाहिजे. चला, चला."

भरमू दारात येऊन उभा होता. चक्कीच्या पाण्याने तो नखशिखांत भिजला होता. दात दातांवर आपटत होते. त्याने लेकीसाठी दोन्ही हात पुढे केले, मग हातांवरून निथळणारं पाणी पाहिलं आणि हात मागे घेतले.

"माजं अंग बरफ झालंय," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला.

माईंच्या अंगात ऊब कुठली असणार? सिस्टरांना आत शेवंताजवळ असणं भाग होतं.

कुणी रवळनाथचं नाव घेतलं नाही.



भरमू भावाकडे बघत होता. मागत नव्हता. नुसता बघत होता.

रवळनाथने सदऱ्याच्या गुंड्या काढल्या. सदरा उतरवून खुर्चीवर टाकला. छाती उघडी पडल्यावर त्याला एकाएकी खूप भीती वाटली. चालू तारेजवळ तो कधी इतका घाबरला नव्हता. हे पोर आपल्या हातात गेलं तर? आपण पुन्हा काही चुकीचं मोजलं तर?

तो माईंपुढे येऊन उभा राहिला आणि उजवा हात पुढे केला.

माईंनी बाळ दिलं नाही.

तो थांबला. त्याला वाटलं, त्या आपल्याला नालायक ठरवतायत. त्यांचं बरोबर आहे, असंही वाटलं. मघाच्या वीस ओहमनंतर कोण देईल?

"माई…?"

माई त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या त्याच्या डाव्या खांद्याकडे बघत होत्या. तिथून त्याचा हात पाठीमागे गेला होता. तो केव्हा गेला, ते त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं.

"दोन्ही हातांनी घे, रवळनाथ," माई म्हणाल्या. "आज छातीतून जाऊ दे."